वरच्या मजल्यावरचे विंचू : फिनिक्समधल्या एका घराचं प्रकरण

अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यात, फिनिक्स शहराच्या दक्षिणेला साउथ माउंटनच्या पायथ्याशी ज्या वसाहती आहेत, त्यांतल्या एका घराची ही हकीकत. दुमजली घर, नव्वदच्या दशकात बांधलेलं. बाहेरून स्टको, म्हणजे सिमेंटचा गिलावा, वर कौलं, मागे छोटं अंगण आणि त्याभोवती पुरुषभर उंचीची सिमेंट ब्लॉकची भिंत. भिंतीपलीकडे दोन घरं सोडली की थेट सोनोरन वाळवंट सुरू होतं. घरात नवरा-बायको, नुकतं रांगायला लागलेलं बाळ, आणि बाळासाठी म्हणून महाडजवळच्या गावाहून आलेल्या आजी. घर विकत घेतल्यानंतरचा त्यांचा हा पहिलाच उन्हाळा. विक्रीआधी घर तपासून अहवाल देणं हा माझा इथला व्यवसाय. हे घर मी तपासलं नव्हतं, मला बोलावलं ते विंचवांसाठी.

तक्रार जरा चमत्कारिक होती. मे महिन्यापासून घरात विंचू निघत होते आणि निघत होते ते वरच्या मजल्यावर. सकाळी बाथटबमध्ये एखादा सापडायचा. एक बाळाच्या खोलीत, छताच्या खाली वीतभर अंतरावर भिंतीला चिकटलेला दिसला, एक जिन्यातल्या दिव्याशेजारी. खालच्या मजल्यावर मात्र जवळजवळ काहीच नाही. दर महिन्याला फवारणी करणारी एक कंपनी त्यांनी आधीच लावली होती. कंपनीच्या माणसाचं म्हणणं असं की टबातले विंचू ड्रेनच्या पाइपातून वर येतात, तेव्हा रात्री बूच लावून ठेवा. बूच लावून झालं. विंचू येतच राहिले.

आजींचा नेम मात्र कडक होता. चप्पल झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, जमिनीवर पडलेला कपडा हाताने उचलायचा नाही, अंगणातला दगड सरळ हाताने हलवायचा नाही. कोकणात आयुष्य गेलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. या सवयी इथेही लाखमोलाच्या आहेत, पण पुऱ्या पडत नाहीत. कारण विंचू वेगळा आहे.

अॅरिझोनात विंचवांच्या बऱ्याच जाती आहेत. पाचसहा इंच वाढणारा केसाळ, अंगाने दांडगा विंचू पाहून माणसं किंचाळतात, पण त्याचा दंश मधमाशीच्या दंशाइतपतच असतो. शेपटीच्या खालच्या बाजूने गडद रेघा असलेला पट्टेरी विंचू अंगणात दगडाखाली नेहमी सापडतो, तोही फारसा घातक नाही. चिंता करायची ती बार्क स्कॉर्पियनची, म्हणजे सालीतल्या विंचवाची. शास्त्रीय नाव सेंट्रुरॉइडिस स्कल्प्चरेटस. पूर्ण वाढ झाली तरी शेपटीसकट सात-आठ सेंटिमीटर, रंग फिका पिवळसर, वाळलेल्या गवताच्या काडीसारखा, पुढचे चिमटे सडपातळ. बसलेला असतो तेव्हा शेपटी पाठीवर उभी न धरता बाजूला वळवून घेतो. ज्याचा दंश जिवावर बेतू शकतो असा अमेरिकेतला हा एकच विंचू मानला जातो.

घराच्या दृष्टीने त्याचे दोन स्वभाव सगळ्यांत महत्त्वाचे. पहिला म्हणजे तो चढतो. स्टको, ब्लॉक, झाडाची साल, छताचा प्लास्टर, कुठलाही खरखरीत पृष्ठभाग त्याला चालतो. आणि बसायला त्याला वस्तूची खालची बाजू आवडते: उलटं लटकून, पाय वर. दुसरा म्हणजे तो चपटा आहे. क्रेडिट कार्ड आत जाईल एवढी फट त्याला पुरते. थंडीत हे विंचू भिंतीच्या पोकळीत, सालीखाली, डझनांनी एकत्र दडून बसतात. इतर विंचू एकमेकांना खातात, हे मात्र गर्दीने राहतात. म्हणून एक दिसला की जवळपास आणखी असणार, असं धरूनच काम करावं लागतं.

पहिली पाहणी रात्री केली. दिवसा विंचू शोधणं म्हणजे वेळ घालवणं. विंचवाच्या कवचात अशी द्रव्यं असतात की अतिनील प्रकाशात तो हिरवट-निळा झळाळतो. यूव्ही टॉर्च कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. ३६५ ते ३९५ नॅनोमीटरचा कोणताही चालतो. नुकतीच कात टाकलेला विंचू मात्र कवच घट्ट होईपर्यंत चमकत नाही, एवढं लक्षात ठेवायचं. अंधार पडून तास-दीड तास झाला की पायात बंद बूट घालून, हातात लांब चिमटा घेऊन निघायचं.

मी, घरमालक आणि आजी असे तिघं निघालो. आजींना आत थांबा म्हटलं तर म्हणाल्या, "मला बघू तर दे, कसला असतो तुमचा विंचू." मागच्या ब्लॉकच्या भिंतीवर टॉर्च फिरवला तर ठिकठिकाणी हिरवे ठिपके. बहुतेक छातीच्या उंचीवर, डोकं खाली करून सांध्याच्या फटीपाशी टपून बसलेले. एका फटीत तर पाठीवर बिऱ्हाड घेतलेली मादी होती, पांढुरकी पिल्लं एकमेकांवर रचल्यासारखी. पहिली कात टाकेपर्यंत ती आईच्या पाठीवरच राहतात. जमिनीवर, दगडांत, फार थोडे दिसले, आणि त्यांतले काही साधे पट्टेरी. आजी बराच वेळ भिंतीकडे बघत राहिल्या. "म्हणजे हे खालून येतच नाहीत," त्या म्हणाल्या. प्रकरणाचा अर्धा उलगडा त्या वाक्यात होता.

कोपऱ्यातला पाम आणखी वाईट निघाला. त्याच्या वाळलेल्या झावळ्या कित्येक वर्षं कापल्या नव्हत्या. खोडाभोवती त्यांचा घागरा झाला होता आणि एक टोक थेट छताच्या कडेला टेकत होतं. सालीत राहणाऱ्या प्राण्याला याहून चांगली वाट कोण करून देणार? बुंध्याशी ठिबक सिंचनाच्या नळीची गळती, ओलाव्याला आलेली रातकिड्यांची आणि झुरळांची गर्दी, वर अंगणात पांढरा झगझगीत दिवा रात्रभर चालू. पाणी, किडे, आडोसा, तिन्ही एका जागी.

आता टबाकडे. ड्रेनचा संशय मला सुरुवातीपासून पटत नव्हता. टबाच्या पाइपाला खाली वळण असतं आणि त्यात पाणी साठून राहतं. शिवाय बार्क स्कॉर्पियन कितीही पट्टीचा चढणारा असला तरी काच आणि गुळगुळीत एनॅमलवर त्याचे पाय टिकत नाहीत. म्हणजे टबात सापडणारा विंचू बाहेरून टबावर चढून आलेला नसतो, आणि टबातून बाहेरही पडू शकत नाही. तो वरून पडलेला असतो. टबाच्या बरोबर वर छतात एक्झॉस्ट फॅन होता. त्याची जाळी काढली तर पंख्याचा पत्र्याचा डबा आणि प्लास्टरबोर्ड यांच्यामध्ये बोटभर रुंद मोकळी जागा दिसली. टॉर्च आत घातला. लाकडी तुळईवर दोन हिरवे ठिपके.

भिंतीवरचा विंचू घराच्या पोटमाळ्यात कसा पोचला हे दुसऱ्या दिवशी उजेडात कळलं. स्टकोच्या घरांना पायाशी भिंत संपते तिथे धातूची एक पट्टी असते, तिला वीप स्क्रीड म्हणतात. स्टकोच्या आड शिरलेलं पाणी तिथून बाहेर पडावं म्हणून ती मोकळी ठेवतात. बांधकामाच्या नियमानुसार ती मातीपासून किमान चार इंच वर असायला हवी, फरसबंदी असेल तर दोन इंच. या घराच्या आधीच्या मालकाने अंगणाला शोभा यावी म्हणून गोटे आणि खडी ओतून मागच्या बाजूने ती पट्टी पार गाडून टाकली होती. खडीतून पट्टीत, पट्टीतून स्टकोच्या आड, आणि एसीच्या नळ्यांसाठी पाडलेल्या भोकातून भिंतीच्या पोकळीत. भिंतीच्या पोकळीतून वर पोटमाळा, आणि पोटमाळ्यातून वरच्या मजल्यावरचं प्रत्येक छिद्र: पंखा, छतातले दिवे, एसीच्या झडपांची कड. खालच्या मजल्याची जमीन अखंड काँक्रीटची, दारांच्या रबरी पट्ट्या नव्या. खाली विंचू नसण्याचं कारण एवढंच.

दुरुस्तीचं सामान येण्याआधीच दंश झाला.

संध्याकाळी आजी अंगणात बसायला निघाल्या. खुर्चीखालची जमीन पाहिली, बैठक झटकली, आणि खुर्ची पुढे ओढायला तिचा हात खालून पकडला. विंचू खुर्चीच्या त्या हाताला खालून लटकलेला होता. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला डसला. सुनेने आधी विषबाधा केंद्राला फोन लावला आणि मग मला. हा क्रम अगदी बरोबर होता. अमेरिकेत १-८००-२२२-१२२२ हा नंबर कुठूनही लावला की त्या त्या भागातल्या केंद्राला जोडला जातो. अॅरिझोनात फिनिक्स आणि टूसॉन इथे अशी केंद्रं आहेत, चोवीस तास, फुकट. विंचवाच्या दंशाचे हजारो फोन ते दर वर्षी घेतात.

मी पोचलो तेव्हा आजी कोचावर बसून हात मांडीवर धरून होत्या. बोट ना सुजलं होतं ना लाल झालं होतं. दंशाची जागा शोधूनही दिसत नव्हती. पण बोटाला नुसती टिचकी मारली तरी कळ खांद्यापर्यंत जायची आणि कोपरापर्यंत मुंग्या येत होत्या. या विंचवाची हीच खूण. विष मज्जातंतूंवर काम करतं, त्यामुळे वर काही दिसत नाही आणि आत वीज खेळते. केंद्रावरच्या बाईंनी वय विचारलं, चालू असलेल्या गोळ्या विचारल्या, मग नेमके प्रश्न: नजर स्थिर आहे का, गिळता येतंय का, लाळ गळते का, बोलणं जड झालंय का, हातपाय आपोआप उडतायत का? सगळ्यांची उत्तरं समाधानकारक. त्यांनी घरीच राहायला सांगितलं, जागा साबणाने धुवा, गार पट्टी ठेवा, दुखण्यावर पॅरासिटामॉल द्या, आणि ठरलेल्या वेळी पुन्हा स्वतः फोन केला. चिरा देणं, करकचून बांधणं, चोखणं यांतलं काहीही करायचं नाही. बर्फात हात बुडवायचा नाही.

आजींची भीती वेगळीच होती. त्या स्वतःच्या छातीवर हात ठेवून थांबल्या होत्या. "घाम नाही सुटला. हातपाय गार नाही पडले. आमच्याकडचा लाल असता तर आत्तापर्यंत दिसलं असतं." त्यांचं निरीक्षण चोख होतं. कोकणातल्या लाल विंचवाचा, हॉटेन्टोटा टॅम्युलसचा, घाला हृदयावर पडतो. दरदरून घाम, उलट्या, थंड पडणारे हातपाय, आणि उशीर झाला तर फुप्फुसात पाणी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून मृत्यूचं प्रमाण कुठल्या कुठे खाली आणलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आजींच्या गावात हे नाव घराघरात माहीत आहे. त्यांनी पर्समधून औषधांची यादी काढून विचारलंही, "ती गोळी इथे मिळेल ना?" ती गोळी या दंशावर नाही, हे त्यांना समजावून सांगावं लागलं. आघाड्याच्या मुळीचा विषय मात्र त्यांनी काढलाच नाही. त्या मुळीपायी वेळ गेलेली माणसं त्यांनी पाहिली आहेत.

बार्क स्कॉर्पियनच्या दंशात डॉक्टर चार पायऱ्या मानतात. पहिली, फक्त दंशाच्या जागी वेदना. दुसरी, दंशापासून दूरही वेदना किंवा मुंग्या. आजी इथे होत्या. तिसऱ्या पायरीत डोळे भिरभिरतात, जीभ जड होते, लाळ गळते, किंवा हातपाय झटके देतात. चौथीत डोळे-जीभ आणि हातपाय दोन्हींकडची लक्षणं एकदम येतात. धडधाकट मोठी माणसं बहुधा दुसऱ्या पायरीवर थांबतात. लहान मुलं भराभर वर चढतात, आणि बोलता न येणारं बाळ फक्त रडतं. म्हणून बाळ एकाएकी किंचाळून रडायला लागलं, शांतच होईना, डोळे सैरभैर फिरू लागले, तर आकडी आली की पोट दुखतंय यावर चर्चा न करता इमर्जन्सी गाठायची.

तिथे प्रतिविष आहे. पूर्वी अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत शेळ्यांच्या रक्तापासून बनवलेलं प्रतिविष राज्यात वापरलं जायचं. ते बंद पडलं आणि मधली काही वर्षं डॉक्टर गुंगीच्या औषधांवर मुलांना रात्र-रात्र अतिदक्षता विभागात ठेवत. मग टूसॉनच्या डॉक्टरांनी मेक्सिकोत घोड्यांपासून बनणाऱ्या प्रतिविषाची चाचणी घेतली. २००९ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात अत्यवस्थ मुलं फक्त १५ होती. प्रतिविष मिळालेली आठच्या आठ चार तासांत लक्षणमुक्त झाली, न मिळालेल्या सातांपैकी एक. इतका छोटा अभ्यास इतका स्पष्ट निकाल क्वचित देतो. २०११ च्या ऑगस्टमध्ये त्या प्रतिविषाला एफडीएची, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेची, मान्यता मिळाली, नाव अॅनास्कॉर्प. बिल हजारो डॉलरच्या घरात जातं हे खरं आहे आणि या देशातली ती मोठी लाजिरवाणी गोष्ट आहे. पण लहान मुलाच्या बाबतीत बिलाचा विचार करत दाराशी थांबू नये, एवढं मी प्रत्येक घरी सांगतो.

आजींची कळ दुसऱ्या दिवशी ओसरली, बोटाचा बधिरपणा आणखी काही दिवस राहिला.

दुरुस्ती कोणत्या क्रमाने करायची यावर घरमालकाशी माझा थोडा वाद झाला. त्यांना आधी बाहेरची बाजू बंद करायची होती, आणि ते साहजिक वाटतं. पण भिंतीत आणि पोटमाळ्यात आधीच विंचू असताना बाहेरची वाट बंद केली तर त्यांना घराच्या आत येण्याशिवाय दुसरी वाट उरत नाही. म्हणून आधी आतली छिद्रं, त्यातही बाळाची खोली आणि दोन्ही न्हाणीघरं. पंख्याच्या डब्याभोवतीची फट सीलंटने भरली आणि जाळीच्या मागे बारीक स्टीलची जाळी बसवली (तिच्यावर धूळ बसते, अधूनमधून साफ करावी लागते). छतातल्या दिव्यांना रबरी वॉशर असलेल्या चकत्या लावल्या. बेसिनखाली नळ भिंतीत शिरतात तिथे पत्र्याची चकती नुसती सैल बसवलेली असते. ती सरकवून बघितल्याशिवाय मागचं भगदाड दिसत नाही. ती सगळी भरली.

बाळाच्या खोलीत आणखी काम होतं. पाळणा भिंतीला टेकलेला होता आणि आजींनी शिवून आणलेली गोधडी त्याच्या कठड्यावरून जमिनीपर्यंत लोळत होती. दिसायला सुरेख, पण विंचवाला तो जिनाच. पाळणा भिंतीपासून हातभर पुढे घेतला, चारही पाय काचेच्या रुंद तोंडाच्या बरण्यांत ठेवले, गोधडी आतच घडी घालून ठेवायची असं ठरलं. बरण्यांची ही युक्ती अॅरिझोनातली फार जुनी आहे आणि ती चालते, फक्त काच स्वच्छ हवी. धुळीने माखलेल्या काचेवर पाय रोवता येतात.

मग बाहेर. मागच्या बाजूची खडी फावड्याने ओढून वीप स्क्रीड पूर्ण उघडी केली आणि जमीन तिच्या चार इंच खाली नेली. पट्टी सीलंटने बुजवायची नाही, हे त्यांना दोनदा सांगितलं, कारण एका कारागिराने नेमकं तेच सुचवलं होतं. पाण्याची वाट बंद झाली की दोन पावसाळ्यांत भिंत आतून कुजते. तिथे गंजत नाही अशी बारीक जाळी दुमडून बसवली, पाणी जातं आणि विंचू अडतो. एसीच्या नळ्यांचं भोक, गॅसच्या पाइपाची कड, पॅटिओचं काँक्रीट आणि घराचा पाया यांच्यातला सांधा, हे सीलंटने भरलं. गॅरेजच्या दाराची तपासणी रात्री: आत दिवा लावायचा, बाहेर अंधारात उभं राहायचं, उजेड जिथून गळतो तिथून विंचू येतो.

झावळ्या माणूस लावून काढल्या. अंगणातला दिवा बदलून मंद पिवळा लावला, तोही सेन्सरवर. गळती बंद झाली. रातकिड्यांचा आवाज खरोखर कमी झाला.

फवारणीबद्दल माझं मत इथे स्पष्ट सांगतो. नेहमीची पायरेथ्रॉइड औषधं झुरळावर चालतात कारण झुरळ फवारलेल्या जागेला अंग घासत फिरतं आणि औषध स्पर्शातून अंगात जातं, शिवाय पाय आणि मिशा चाटून साफ करताना थोडं पोटातही जातं. विंचू तसं करत नाही. तो पायांवर अंग उचलून चालतो, फवारलेल्या पृष्ठभागाला त्याचा स्पर्श थोडाच होतो, आणि खायला मिळालं नाही तरी तो महिनोन्‌महिने तग धरतो. फवारणीने किडे कमी होतात, तेवढ्यापुरती ती ठेवावी. पण भिंती मोकळ्या आणि महिन्याला फवारणी, हा बेत पैसे घालवण्याचा आहे. धूर सोडणारे डबे तर आतल्या विंचवांना खोल्यांत हाकलून लावतात. या कुटुंबाने फवारणी तीन महिन्यांतून एकदा केली आणि वाचलेले पैसे सीलंट आणि जाळीत घातले. शिवाय रात्री टॉर्च आणि चिमटा घेऊन ब्लॉकच्या भिंतीवरचे विंचू वेचून साबणाच्या पाण्याच्या बाटलीत टाकण्याचं काम घरमालक उन्हाळाभर नेटाने करत राहिले. मादी एका खेपेला पंचवीस-तीस पिल्लं देते. पोटुशी मादी वेचली जाण्याने पुढच्या वर्षी जो फरक पडतो तो कुठल्याही फवाऱ्याने पडत नाही.

जमिनीवर भिंतींच्या कोपऱ्यांत गोंदाचे सापळे ठेवले होते, ते पकडण्यापेक्षा बातमीसाठी. पहिल्या आठवड्यांत पॅसेजमधल्या सापळ्यांत विंचू सापडले, वाटा बंद करताना आत अडकलेले. त्यानंतर घरातल्या सापळ्यांत रातकिडे आणि कोळीच दिसले. अपवाद एक: पावसाळ्यात, म्हणजे इथल्या हिशेबाने १५ जून ते ३० सप्टेंबर या मान्सूनच्या काळात, एका वादळी रात्रीनंतर गॅरेजमधल्या सापळ्यात एक बार्क स्कॉर्पियन. दाराच्या बाजूची रबरी पट्टी ४५ अंशांच्या उन्हात कडक होऊन चिरली होती. ती बदलली. टबात त्यानंतर विंचू आलेला नाही.

न सुटलेली बाब एकच, ब्लॉकची भिंत. तिची अर्धी मालकी शेजाऱ्यांची. ब्लॉक आतून पोकळ असतात, वरची टोपी सुटलेली, सांधे भेगाळलेले. एका बाजूने लिंपून काही होत नाही. घरमालकांनी शेजाऱ्यांना एका रात्री बोलावून टॉर्चखाली त्यांचीच भिंत दाखवली. खर्च अर्धा-अर्धा करायला ते तयार झाले आहेत. काम थंडी सरल्यावर धरायचं आहे. आत झोपलेले विंचू बाहेर पडून भिंत रिकामी होऊ लागली की मग सांधे बुजवायचे आणि टोप्या बसवायच्या. तोवर अंगणातली खुर्ची हलवायची असेल तर आधी उलटी करून टॉर्च मारायचा, असा नियम आजींनी परत जाताना घालून दिला आहे आणि तो पाळला जातो.